डिस्कस आणायला गेलो, थेंबांच्या बाटल्या घेऊन आलो

कल्याण पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, सायकल दुरुस्तीवाल्याला खेटून माशांचं एक दुकान आहे. पाटीवरची अर्धी अक्षरं उन्हाने उडालीत. नाव लिहू का म्हणून मालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नका लिहू. लोक येतात, काचेवर टकटक करतात, व्हिडिओ काढतात आणि चाळीसची गप्पीची जोडी तीसला मागतात." तेव्हा दुकान ते दुकान आणि मालकीणबाई त्या ताई. सगळे त्यांना ताईच म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

गेल्या चौदा महिन्यांत मी तिथे साडेचौदा हजारांच्या आसपास पैसे मोजले. आणि ज्या माशासाठी पहिल्यांदा पायरी चढलो, तो थाळीसारखा गोल, नाजूक डिस्कस हातात पडायला त्यातले तेरा महिने गेले. रोख पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला "नाही देत" म्हणणारं दुसरं दुकान मी तरी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी अपमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

माझं आधी सांगतो. मी रेल्वेत बुकिंग क्लार्क, ड्युटी फिरती. घरात बायको, आठवीतली मुलगी आणि आई. हॉलमध्ये तीन फुटी टँक. त्यात दोन वर्षं गप्पी, मॉली आणि चार कॉरी सुखाने नांदत होते. गप्पी तर इतके वाढले की शेजारच्या तीन घरांत वाटले. दोन वर्षांत एकही मोठी मर नाही, म्हणजे आपल्याला जमलं, आता पुढचं काहीतरी आणावं, असा सरळ हिशेब मी केला. दिवाळीच्या आधी एका दुसऱ्याच शहरातल्या मोठ्या, निळ्या दिव्यांच्या दुकानातून चार डिस्कस आणले. तिथल्या माणसाने एकच प्रश्न विचारला होता, "कार्ड की यूपीआय?"

मासे यायच्या आदल्या दिवशी, पाहुणे येणार म्हणून घर झाडावं तसा मी टँक लखलखीत केला. फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा नळाखाली धरून अगदी पांढऱ्या होईपर्यंत धुतल्या. ज्यांना माहीत आहे त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती क्लोरीनच्या पाण्याने दहा मिनिटांत धुऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यात चार पाहुणे सोडले.

तिसऱ्या दिवशी डिस्कस काळवंडले. अंगावरचे उभे पट्टे गडद झाले, चौघं मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले, कल्ले भात्यासारखे चालायला लागले. खाणं बंद. मी दुकानात फोन केला तर एक निळं औषध टाका म्हणाले. टाकलं. अकराव्या दिवशी शेवटचा गेला. भाऊबीज होती. मुलगी दिवसभर त्या टँकसमोर बसली नाही, एवढंच सांगतो. आणि याच टँकमधल्या गप्पींना काय झालं? काहीही नाही. दोन शेपट्या जरा मिटल्या, संपलं. माझ्या चुका दोन वर्षं हेच गप्पी मुकाट पोटात घालत होते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं मासेच वाईट निघाले.

डिसेंबरात ताईंच्या दुकानात गेलो ते त्यामुळेच: चांगल्या ठिकाणचे मासे घ्यावेत म्हणून.

दुकान म्हणजे बारा फूट बाय आठ फुटांचा गाळा. दोन्ही भिंतींना तीन-तीन मजली लोखंडी स्टँड, मधून एका माणसाने आडवं होऊन जावं एवढी वाट. आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते. एसी नाही, पंखा लावत नाहीत. प्रत्येक टँकला स्वतःचा स्पंज फिल्टर आहे आणि स्वतःची जाळी आहे. जाळ्या दोऱ्याने बांधलेल्या, म्हणजे या टँकची त्या टँकमध्ये जायला नको. काचा बाहेरून कळकट, आतून स्वच्छ. काही टँकवर खडूने तारीख टाकलेली असते. त्या तारखेच्या आधी तो मासा विकायचा नाही. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून खोका आला की मासे निदान दोन आठवडे थांबवून, खाताना बघूनच त्या विकायला काढतात.

मी डिस्कस मागितले. ताई एका बादलीत सायफन सोडून बसल्या होत्या. मान वर न करता प्रश्न सुरू झाले.

"केवढा टँक?"

"तीन फुटी. सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच."

"म्हणजे पावणेसहा घनफुटांच्या आत. काठोकाठ भरलात तरी एकशे साठ लिटर नाही. वाळू, लाकूड गेलं की सव्वाशे-एकशे तीस. पाणी कुठलं?"

"नळाचं."

"उल्हास नदीचं. बरं. आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यातही नळाचंच."

"सोसायटीत टँकर येत नाही? बोअरिंग चालू करत नाहीत?"

येतो. करतात. मी ते पाणी टँकमध्ये जातं असा विचारच कधी केला नव्हता. ते तर गच्चीवरच्या टाकीत जातं.

"घरात अजून कोण खायला घालतं?"

या प्रश्नावर मी गप्प झालो. कारण आई. आमची आई माशांना पोळी घालते. चिमूटभर नाही, सुपारीएवढी गोळी करून. "मुकी जनावरं, सांगणार कशी भूक लागली म्हणून" हे तिचं म्हणणं. मी नाइटला गेलो की तिचं राज्य.

ताईंनी बादली बाजूला केली, हात पुसले आणि काउंटरवर तीन छोट्या पेट्या मांडल्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. वर पीएचची एक बाटली आणि खिशातलं पेन असावं तसा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर. "हे न्या. आठ आठवडे वही लिहा. मग या." सगळ्याचे मिळून सव्वाअकराशे रुपये झाले. मासा एकही नाही.

त्या तपासणीच्या बाटल्यांबद्दलही लिहायला हवं, कारण खरं तर याच दुकानाने मला विकलेली सर्वांत कामाची वस्तू ती आहे. पट्टी बुडवून रंग बघायच्या ज्या स्ट्रिप्स मिळतात त्या ताई ठेवतच नाहीत. थेंबांच्या किटमध्ये काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, मोजून थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. नायट्रेटची एक गोम आहे. दुसऱ्या बाटलीत तळाला साका बसतो. ती बाटली अर्धा मिनिट खळाखळा हलवली नाही तर नायट्रेट खोटं कमी दिसतं आणि माणूस खुशीत राहतो. मी पहिले दोन आठवडे असाच खुशीत होतो. अमोनियाचा पिवळा आणि किंचित हिरवट पिवळा यातला फरक ट्यूबलाइटखाली कळतच नाही. खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर नळी धरून बघावं लागतं. कार्डावरची छपाई सुमार आहे, त्याबद्दल अर्धा गुण कमी.

आता वही. मुलीची जुनी शंभर पानी. दर रविवारी आणि गुरुवारी पाच आकडे आणि तापमान. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही: "तुझी नाइट असते त्या आठवड्यात नायट्रेट चाळीस, नाहीतर वीस. बघ ना." मी बघितलं. खरंच. आईच्या पोळ्या आकड्यांत उतरत होत्या. आईला हे दाखवायचं धाडस मात्र कोणी केलं नाही.

आठ आठवड्यांनी वही घेऊन गेलो. ताईंनी चष्मा लावून पानं चाळली, जशा शाळेत बाई चाळायच्या. मला वाटलं, आता देतील. "चांगलं लिहिलंय," म्हणाल्या, "पण हा हिवाळा आहे. उन्हाळा कुठंय?"

तेव्हा मात्र मी वैतागलो. मिस केरळ तरी द्या म्हटलं, आपल्याच मातीतला मासा, लाल पट्टीचा, झुंडीने राहणारा. तो सोपा असेल असा माझा समज. तर तोही नाही. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या, गार, फेसाळ ओढ्यांतला मासा तो. कल्याणच्या मे महिन्यात बत्तीस अंशांच्या साचलेल्या पाण्यात तडफडेल, शिवाय उडी मारून बाहेर पडेल, शिवाय वीतभर वाढतो. २०१३ साली शास्त्रज्ञांनी या माशासाठी जी नवी प्रजाती (इंग्रजीत जीनस) केली, तिचं नावच 'सह्याद्रिया' आहे, आणि जंगलातून उपसून उपसून तो आज धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, हे मी नंतर घरी येऊन वाचलं. इथला म्हणजे सोपा, बाहेरचा म्हणजे अवघड, असं काही नसतं बहुतेक. तुमच्या घरातलं पाणी त्याला त्याच्या ओढ्यासारखं वाटतं की नाही, एवढंच.

त्या दिवशी मला त्यांनी मार्चपासून सांभाळायला जर्मन ब्लू रॅमची एक जोडी कबूल केली. ओरिनोकोच्या खोऱ्यातला दोन इंची मासा. रंग असा की मोरपंखाची आठवण यावी. डिस्कसला लागतं तेच ऊन पाणी, २८ ते ३० अंश, मऊ म्हणजे कमी क्षारांचं आणि किंचित आम्लधर्मी, आणि घाण पाण्याचा तितकाच तिटकारा. फरक एवढाच की टँक छोटा चालतो आणि जोडी तीनशे रुपयांत येते. "ही सहा महिने जगवून दाखवा," ताई म्हणाल्या. परीक्षेची फी स्वस्त ठेवली होती म्हणायची.

इथे जरा थांबून दुकानातला खालच्या मजल्याचा उजवीकडचा टँक सांगतो, कारण मी अर्ध्या वेळा तो बघायलाच जायचो. चारही बाजूंनी निळा रंग दिलेला, पुढची काच तेवढी मोकळी. आत वाळू नाही, झाड नाही, एक उपडं मातीचं मडकं आणि डिस्कसची जोडी. फेब्रुवारीत त्यांना पिल्लं झाली होती. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. पन्नासेक पिल्लं, पापणीच्या केसाएवढी, नराच्या कुशीला लटकलेली. नर दोन-चार मिनिटं शांत उभा. मग त्याने अंगाला एक झटका दिला आणि सगळी पिल्लं पाण्यात उधळली. मादी जवळ सरकली आणि ती सगळी तिच्या अंगाला जाऊन चिकटली. ड्युटी बदलावी तशी. मी रेल्वेतला माणूस, मला ते फारच ओळखीचं वाटलं. ताई त्या टँकसमोरून जाताना नेहमी सावकाश जायच्या, आणि तिथे कोणी मोठ्याने बोललं की नुसतं बघायच्या.

आता तक्रारी. एक, किमती कुठेच लिहिलेल्या नाहीत. तुमच्याकडे बघून भाव ठरतो असं म्हणणार नाही, पण एकच स्पंज फिल्टर मला एकदा दीडशेला आणि एकदा एकशे ऐंशीला मिळाला. दोन, फायटर मासे अजूनही चहाच्या ग्लासाएवढ्या बरण्यांत ठेवतात. बाकी माशांबद्दल एवढ्या काटेकोर बाईंना हे कसं चालतं, विचारलं तर "गिऱ्हाईक तसंच मागतं" म्हणाल्या. हे उत्तर त्यांच्या तोंडी शोभलं नाही. तीन, मीठ. कुठलाही आजार असो, ताईंचा पहिला उपाय खडे मीठ. मॉलीला ठीक आहे, कॉरींना मीठ सोसत नाही, आणि डिस्कसच्या मऊ पाण्यात ऊठसूट मीठ घालणं मला पटत नाही. यावर आमचे मतभेद कायम आहेत.

चार, रविवार. रविवारी दुपारनंतर ताई नसतात, पुतण्या बसतो. पुतण्या कोणालाही काहीही देतो. माझ्या डोळ्यांदेखत त्याने एका जोडप्याला दोन फुटी टँकसाठी सिल्व्हर अरोवानाचं पिल्लू दिलं, जो मासा वाढला की अडीच-तीन फुटांचा होतो. टँकपेक्षा मासा लांब. ताईंच्या दुकानाबद्दल कौतुकाने लिहिणाऱ्याने हेही लिहिलं पाहिजे.

आणि हेही की, मे महिन्यातल्या एका रविवारी मी स्वतः मुद्दाम पुतण्याची वेळ साधून गेलो होतो.

सहा डिस्कस सांगितले. त्याने हसत जाळी घातली, तीन-तीनच्या दोन पिशव्या केल्या, ऑक्सिजन भरला, रबरबँड लावले. मी पैसे काढायला खिशात हात घातला तर आधी वहीच हाताला लागली. सकाळीच आकडे लिहून तशीच खिशात कोंबली होती. टीडीएस ४१०. हिवाळ्यात आमचं नळाचं पाणी नव्वदच्या आसपास असायचं. पीएच ७.२ चा ८.१ झालेला. बोअरिंग चालू होऊन नऊ दिवस झाले होते. पीएच ७ आणि पाणी २८ अंश असेल, तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी खरा विषारी भाग शंभरात एकसुद्धा नसतो. पीएच ८ झाला की तोच शंभरात सहा-साडेसहा होतो. कार्डावर रंग तोच दिसतो, मासा मात्र मरतो. दिवाळीत काय झालं असेल ते मला त्या काउंटरवर उभ्या उभ्या, पिशव्यांकडे बघताना उलगडलं.

पुतण्याला म्हटलं, परत सोड. तो म्हणाला, "काय काका, एवढं पॅकिंग केलं." ऑक्सिजनचे वीस रुपये घेतलेच. बरोबर होतं त्याचं.

ही गोष्ट मी ताईंना सांगितली नव्हती. पुतण्याने सांगितली असावी, कारण त्यानंतर त्या मला बसायला स्टूल द्यायला लागल्या.

रॅमचं काय झालं? जूनमध्ये नर गेला. पहिल्या पावसात नदी गढूळ होते, तेव्हा पालिकेच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो. मी क्लोरीन मारायचे हायपोचे खडे नेहमीएवढेच टाकून पाणी बदललं. तासाभरात रॅम पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागला, संध्याकाळी गेला. ताईंनी वही मागितली. त्या दिवशीचं पान कोरं होतं. डबल ड्युटी झाली होती, कंटाळा केला होता. त्या काही बोलल्या नाहीत, दुसरा नर दिला, पैसे घेतले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या एका तारखेला गोल केला. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हापासून मी नळाचं पाणी सरळ टँकमध्ये घालत नाही. दोनशे लिटरचा निळा ड्रम बाल्कनीत ठेवलाय. त्यात पाणी आदल्या दिवशी भरायचं, खडे टाकायचे, हवेचे बुडबुडे काढणारा एअर स्टोन सोडायचा, दुसऱ्या दिवशी मीटर बुडवायचा आणि मगच वापरायचं. बोअरिंगच्या दिवसांत आरओचं पाणी मिसळून टीडीएस दीडशेच्या आत आणायचा. बायको त्या ड्रमला सवत म्हणते.

ऑगस्टमध्ये चार फुटी टँक करून घेतला. ४८ बाय १८ बाय २० इंच, म्हणजे बरोब्बर १० घनफूट, २८३ लिटर. पाणी, काच, वाळू आणि स्टँड धरून साडेतीनशे किलोंच्या वर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन सभा खाल्ल्या या विषयावर. शेवटी हॉलच्या मधोमध नाही, बीमच्या वर, भिंतीलगत ठेवायचा, यावर मिटलं. ताईंकडून कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा डबा फिल्टर, घेतला, पण जुन्या टँकमधला शेवाळलेला स्पंज फिल्टरही त्यातच सोडला. त्यात बसलेले जिवाणू नव्या घरी राहायला गेले आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही तीन आठवड्यांत शून्यावर आले. वीज गेली तर म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप. ऊन पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात पंप बंद पडला तर डिस्कसकडे फार वेळ नसतो. हा पंप ताईंनी आग्रह करून दिला आणि सप्टेंबरात गणपतीच्या दिवसांत तो एकदा साडेतीन तास चालला. रॅम त्याच टँकमध्ये हलवले. तिथे त्यांनी एका सपाट दगडावर अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाल्ली. मुलीला मी कारण सांगू शकलो नाही. ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे."

डिसेंबरची गोल केलेली तारीख आली आणि गेली. मी गेलोच नाही. चेष्टा नाही, खरंच विसरलो होतो. नव्या टँकसमोर बसायची सवय लागली होती आणि रिकामं रिकामं वाटत नव्हतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचाच फोन आला. "कोळत्तूरचा लॉट आहे. तीन आठवडे झाले माझ्याकडे. बघून जा."

मासा निवडताना ताई काय बघतात ते मी त्या दिवशी बघितलं. आधी खाणं टाकलं. जे पुढे आले ते उमेदवार, मागे राहिले ते बाद. मग डोळा. "अंगाच्या मानाने डोळा मोठा दिसतो तो खुरटलेला. वय वाढलंय, मासा वाढला नाही." मी पसंत केलेल्यांतले दोन या एका वाक्यात गेले. मग आकार, थाळीसारखा गोल हवा, लांबुडका नको. मग विष्ठा: काळी असेल तर ठीक, पांढरी दोऱ्यासारखी लोंबत असेल तर नको. अडीच इंचाची पिल्लं आणि रंग मात्र एकदम भडक असतील तर त्यांना औषधं देऊन रंगवलेलं असू शकतं, म्हणून फिकट असलेलेच घ्यायचे. सहा निवडले. एकट्या-दुकट्याने डिस्कस राहत नाही, घाबरतो किंवा दुसऱ्याला मारून टाकतो. साडेसहाशे रुपये एक. थर्मोकोलच्या खोक्यात पिशव्या, वरून वर्तमानपत्र. रिक्षाने आणले. स्कूटरवर थंडी लागेल, म्हणाल्या.

महिनाभर ते जुन्या तीन फुटी टँकमध्ये वेगळे ठेवले, म्हणजे आजार असला तर तिथेच कळावा. हीटर एकोणतीसवर, रोज तिसरा हिस्सा पाणी ड्रममधून. आता चार फुटीत आहेत. मी हे लिहितोय तेव्हा समोर आहेत. पाच जण मोकळे, एक जरा दबून असतो, त्याला बाकीचे खाण्यावरून हुसकतात. त्याच्यावर लक्ष आहे. सकाळी बल्ब लागायच्या आधी अंग जरा काळपट दिसतं आणि दहा मिनिटांत उजळतं, हेही आता माहीत झालंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तेवढ्यावरून रात्री दीड वाजता बाटल्या काढल्या होत्या. सगळे आकडे नीट होते.

एक अडचण उरली होती. डिस्कसच्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला लागतं, नाहीतर ती खुरटतात. माझी ड्युटी फिरती, बायको नोकरीला, मुलगी शाळेत. दिवसभर घरात असतं कोण? आई. ताईंना हे सांगितलं तर त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "मग अडचण कसली, सोय झाली की."

आईच्या बीपीच्या गोळ्यांची एक जुनी डबी होती, सात वारांची, प्रत्येक वाराला सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र अशी चार खणं. रविवारी रात्री मी मोजून खाणं त्यात भरतो. आई एक खण उघडते, टाकते, झाकण लावते, पुढचा डोस वेळेवर. पोळी बंद. गेल्या दोन महिन्यांत नायट्रेट वीसच्या वर गेलेलं नाही, माझ्या नाइटच्या आठवड्यांतसुद्धा. खण अगदीच लहान आहेत ही तिची तक्रार आहे, आणि ती ती ताईंपर्यंत स्वतः पोचवणार आहे म्हणते. पुढच्या वेळी तिला घेऊन जायचंय.

जाणाऱ्यांसाठी: मंगळवारी बंद. दुपारी दोन ते पाच शटर अर्धं खाली असतं, पण ताई आत असतात. सुट्टे न्या. बाटलीत घरचं पाणी नेलंत तर वीस रुपयांत तपासून आकडे कागदावर लिहून देतात. पाचपैकी चार. फायटरच्या बरण्या हलवल्या की साडेचार करेन. रविवारी दुपारी जाऊ नका.